सीबीएसचा पाच वर्षांचा स्टुडिओ: सिनेमा सेंटर फिल्म्सच्या प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

अखेर आज शीट उघडली. सिनेमा सेंटर फिल्म्सचे सगळे सिनेमे एका जागी मांडायचे, प्रत्येकाबद्दल चार ओळी मराठीत, आणि त्या चार ओळी स्वतः सिनेमा बघूनच लिहायच्या असं ठरवून बरेच महिने झाले होते. नाव फारसं कुणाच्या कानावरून गेलेलं नसतं म्हणून आधी थोडक्यात लिहून ठेवते, अमेरिकेतल्या सीबीएस या टीव्ही नेटवर्कने १९६७ला काढलेली सिनेमा कंपनी, १९७२ला बंद, मधल्या काळात तीसच्या आसपास सिनेमे. प्रमुख गॉर्डन स्टलबर्ग. थिएटरात पोचवायचं काम नॅशनल जनरल पिक्चर्सकडे.

रकाने असे केलेत: नाव, वर्ष, दिग्दर्शक, कुणाच्या निर्मिती कंपनीचा, पाहिला का, चार ओळी.

ताईला कच्ची यादी पाठवली. तिचा लगेच फोन, "अगं यात स्नूपी आहे, जॉन वेन आहे, शार्क आहेत, मध्येच स्क्रूज आहे, या लोकांना नेमकं काढायचं तरी काय होतं?" मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न शीटच्या वर पिवळ्या रंगात लिहून ठेवलाय.

६ जानेवारी

सुरुवात कशी झाली ते आज वाचून काढलं. २५ सप्टेंबर १९६६ला एबीसी या दुसऱ्या टीव्ही नेटवर्कने 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा सिनेमा टीव्हीवर दाखवला, हक्कांसाठी तब्बल २० लाख डॉलर मोजून, आणि जवळपास सहा कोटी लोकांनी तो बघितला. त्यानंतर सिनेमांचे भाव असे चढले की नेटवर्कवाल्यांना वाटायला लागलं, एवढे पैसे हॉलिवूडला देण्यापेक्षा आपणच सिनेमे काढू, आधी थिएटरात लावू आणि मग आपल्याच चॅनेलवर दाखवू. हिशोब सरळ होता. एबीसीनेही त्याच सुमाराला तेच केलं.

सीबीएसकडे तेव्हा पैसा भरपूर आणि खरेदीचा सपाटाच चालू होता. १९६४ला न्यूयॉर्क यांकीज हा बेसबॉल संघ घेतला, १९६५ला फेंडर ही गिटार कंपनी १ कोटी ३० लाखांना. 'माय फेअर लेडी' हे नाटक १९५६ला ब्रॉडवेवर आलं तेव्हाही पैसा यांचाच, म्हणजे करमणुकीच्या धंद्यात टीव्हीबाहेर पाय टाकायची सवय जुनी होती. आणि १९६७लाच त्यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ सिटीतला रिपब्लिक पिक्चर्सचा जुना स्टुडिओ विकतच घेतला, आधी तो भाड्याने होता. ही जागा लक्षात ठेवायला हवी, पुढे लागणारे.

११ जानेवारी

पहिली ओळ भरली. 'विथ सिक्स यू गेट एगरोल', १९६८, दिग्दर्शक हॉवर्ड मॉरिस. डोरिस डे विधवा, ब्रायन कीथ विधुर, दोघांची मुलं, लग्न आणि मग घरात उडणारा गोंधळ. हलकाफुलका आहे, मला आवडला, खास करून डोरिस डे चिडली तरी चेहऱ्यावरचा गोडवा जात नाही ते. गंमत अशी की हा सिनेमा ऑगस्टमध्ये लागला आणि सप्टेंबरमध्ये सीबीएसवर 'द डोरिस डे शो' सुरू झाला. सिनेमात मात्र ती परत कधी दिसली नाही, हाच शेवटचा. हिप्पींच्या घोळक्यात जेमी फार आणि विल्यम ख्रिस्तोफर दिसतात, हे दोघं नंतर सीबीएसच्याच 'मॅश' मालिकेत.

म्हणजे पहिला सिनेमा तरी अगदी टीव्हीच्या मापाचा होता. ताईला सांगितलं, तर म्हणाली मग पुढे काय झालं.

१५ जानेवारी

चूक सापडली, दुरुस्त केली. स्टीव्ह मक्वीन या नटाचे सिनेमे यादीत आहेत, त्याच्या नावामुळे मी 'ज्युनियर बॉनर'ही घातला होता, तो एबीसीचा. 'स्ट्रॉ डॉग्ज' पण एबीसीचाच. दोन नेटवर्क, दोन सिनेमा कंपन्या, काळ एकच, वर एबीसीच्या वितरकाचं नाव सिनेरामा आणि आपल्याकडे सिनेमा सेंटर, त्यामुळे गल्लत होतेच. आता प्रत्येक नावासमोर श्रेयनामावली डोळ्यांनी बघितल्याशिवाय टिक करायची नाही.

१९६९ची रांग आज बरीच पुढे गेली. 'मी, नॅटली' मध्ये पॅटी ड्यूक, तिला गोल्डन ग्लोब मिळालं, आणि पार्टीच्या एका छोट्या प्रसंगात एक सडपातळ पोरगा येतो, दोन मिनिटं बोलतो आणि जातो, तो अल पचिनो, पडद्यावर पहिल्यांदा. 'हेल, हीरो!' मध्ये मायकल डग्लसची पहिली मोठी भूमिका. सिनेमा म्हणून दोन्ही मला बेताचेच वाटले पण हे दोन चेहरे बघताना हात आपोआप पॉझवर जातो.

१९ जानेवारी

'द रीव्हर्स'. याच्यासाठी मात्र चार ओळी पुरणार नाहीत. विल्यम फॉकनर या अमेरिकी लेखकाची शेवटची कादंबरी, मार्क रायडेलचं दिग्दर्शन, स्टीव्ह मक्वीनच्या सोलर कंपनीची निर्मिती. मिसिसिपी, १९०५, गावात पिवळीधमक विंटन फ्लायर मोटार येते, मालक बाहेरगावी गेला की नोकर बून, त्याचा जोडीदार नेड आणि मालकाचा अकरा वर्षांचा नातू ती घेऊन मेम्फिसला पळतात. चिखलात गाडी रुतते तो प्रसंग बघा, एक माणूस मुद्दाम चिखल करून ठेवतो आणि खेचरं लावून गाड्या बाहेर काढायचे पैसे घेतो, आणि मक्वीन एरवी किती रुबाबदार माणूस, इथे अंगभर चिखल माखून लहान मुलासारखा हट्टाला पेटलेला.

नेडचं काम केलं रुपर्ट क्रॉसने. साहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय नट. आणि संगीत जॉन विल्यम्सचं. स्टीव्हन स्पीलबर्गने पुढे अनेकदा सांगितलंय की ही धून ऐकूनच त्याने ठरवलं, कधी सिनेमा केला तर संगीत याच माणसाचं. म्हणजे 'जॉज'पर्यंत जाणारी वाट इथून निघते. एका टीव्ही कंपनीच्या पैशातून निघालेल्या, आज फार कुणी न बघणाऱ्या सिनेमातून. हे लिहिताना मला खरंच भरून आलं.

२५ जानेवारी

गेले पाच दिवस नुसते वेस्टर्न. एकट्या १९७० सालात या कंपनीने चार वेस्टर्न आणले: 'अ मॅन कॉल्ड हॉर्स', 'मॉन्टी वॉल्श', 'रिओ लोबो', 'लिटल बिग मॅन'. ओळीने बघितले आणि डोकं गरगरलं, कारण चारांची तोंडं चार दिशांना आहेत. आणि सीबीएसच्या त्याच स्टुडिओ सिटीच्या आवारात तेव्हा 'गनस्मोक'चं शूटिंग चालू होतं, टीव्हीवरचा सगळ्यात टिकलेला वेस्टर्न, वीस सीझन. घरोघरी पोचणारा पैसा त्यातल्या मार्शल डिलन या नायकावर मिळवायचा आणि इकडे त्याच पैशातून काऊबॉयचं युग संपलं असं सांगणारे सिनेमे काढायचे. ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. पण झालं खरं.

'रिओ लोबो' सगळ्यात जुन्या वळणाचा. हॉवर्ड हॉक्सचा शेवटचा सिनेमा, जॉन वेन, सुरुवातीला रेल्वेतलं सोनं लुटायचा लांबलचक प्रसंग. पुढे सिनेमा सैल पडतो, हॉक्सच्या उमेदीतल्या कामाची सर त्याला नाही. यात एका मेक्सिकन मुलीच्या भूमिकेत शेरी लान्सिंग आहे. तीच पुढे १९८०ला ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या निर्मिती विभागाची अध्यक्ष झाली, एवढ्या मोठ्या हॉलिवूड स्टुडिओत त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई, आणि नंतर पॅरामाउंटची प्रमुख. फॉक्सचं अध्यक्षपद तिच्याआधी, १९७१ला, आपल्या स्टलबर्गकडेही आलं होतं.

'अ मॅन कॉल्ड हॉर्स' बद्दल मला अजून नीट ठरवता येत नाहीये. रिचर्ड हॅरिस हा इंग्रज सरदार सू या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांच्या हाती सापडतो आणि हळूहळू त्यांच्यातलाच होतो. बराचसा संवाद लाकोटा भाषेत, सबटायटलशिवाय, ते धाडस आहे. छातीत आकडे अडकवून माणसाला वर टांगतात तो विधी बघवत नाही. पण मुख्य आदिवासी बायकांच्या भूमिकेत कोण, तर ऑस्ट्रेलियात जन्मलेली ज्युडिथ अँडरसन आणि ग्रीसची माजी मिस युनिव्हर्स कोरिना त्सोपेई. शेवटी गोरा पाहुणाच टोळीला लढाई शिकवतो. आदिवासी संघटनांनी तेव्हाच आक्षेप घेतले होते आणि मला ते पटतात.

त्याच वर्षी, त्याच कंपनीच्या पैशातून, आर्थर पेनचा 'लिटल बिग मॅन'. डस्टिन हॉफमन १२१ वर्षांचा म्हातारा होऊन गोष्ट सांगतो, डिक स्मिथचा मेकअप, पापण्यांवरसुद्धा सुरकुत्या. शायेन टोळीचा प्रमुख ओल्ड लॉज स्किन्स झालेत चीफ डॅन जॉर्ज, ब्रिटिश कोलंबियातल्या स्लेल-वॉटुथ जमातीचे एकेकाळचे खरे प्रमुख, वय सत्तरीचं. त्यांनाही साहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. वॉशिटा नदीकाठच्या शायेन वस्तीवरच्या हल्ल्याचा प्रसंग मी थांबत थांबत बघितला. सगळीकडे बर्फ, अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या फौजेचा बँड उत्साहाने वाजतोय, घोडे येतायत आणि तंबूंमधून बायका-मुलं पळतायत, हॉफमनची बायको तान्हं मूल घेऊन पळते आणि तो लांबून नुसता ओरडत राहतो. व्हिएतनाममधलं माय लाय हत्याकांड १९६९च्या नोव्हेंबरमध्ये उघडकीला आलं होतं, तेव्हाच्या प्रेक्षकाला हे वेगळं समजावायची गरजच नव्हती.

आणि शेवट. म्हातारा प्रमुख डोंगरावर जातो, आभाळाचे आभार मानतो, मरायचं म्हणून जमिनीवर आडवा होतो, डोळे मिटतो. पाऊस यायला लागतो. थेंब गालावर पडतात, पापणी हलते, आणि तो हॉफमनला, म्हणजे मानलेल्या नातवाला विचारतो की मी अजून याच जगात आहे का. मग उठतो, अंग झटकतो आणि जेवायच्या गप्पा करत दोघं डोंगर उतरतात. हसता हसता रडू येतं म्हणजे काय ते मला इथे कळलं.

'मॉन्टी वॉल्श' उद्या लिहीन म्हटलं होतं पण राहवत नाही. माझ्या मते पूर्ण यादीतला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात सुंदर. 'बुलिट'चा छायाचित्रकार विल्यम फ्रेकर, त्याचं पहिलंच दिग्दर्शन. ली मार्विन आणि जॅक पॅलन्स हे दोन वय झालेले काऊबॉय, रँच पूर्वेकडच्या कंपन्या गिळत चाललेल्या, कामं नाहीत. सोबतीला जीन मोरो. मॉन्टी रात्री एका करड्या अडेल घोड्यावर बसतो आणि घोडा त्याला घेऊन अख्खं गाव उधळतो, खांब पडतात, छपरं कोसळतात, दोघांपैकी कुणी हार मानत नाही. ते बघून सर्कसवाला त्याला चांगल्या पगारावर तमाशातला काऊबॉय व्हायला बोलावतो. पैशाची गरज आहे, काम नाही, तरी मॉन्टी नाही म्हणतो. भाषण नाही, काही नाही. ली मार्विनच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आहे त्याच्यासाठी मी हा सिनेमा तीनदा बघितला.

२८ जानेवारी

'बिग जेक', १९७१. जॉन वेनच्या बॅटजॅक कंपनीचा, चांगला चालला. दिग्दर्शक जॉर्ज शर्मन, त्याचाही हा शेवटचा सिनेमा. आणि आज जे जुळलं त्याने मी खुर्चीतून उठलेच: हाच शर्मन १९३८ला रिपब्लिक पिक्चर्ससाठी जॉन वेनचे छोटे छोटे वेस्टर्न करायचा. आणि रिपब्लिकचा तो स्टुडिओ तोवर सीबीएसचा झालेला. तेहतीस वर्षांनी तोच दिग्दर्शक, तोच हीरो, आणि पैसा त्यांच्या जुन्या आवाराच्या नव्या मालकाचा. ताईला रात्री अकराला फोन करून सांगितलं, ती म्हणाली "झोप आता", पण ऐकून घेतलं तिने सगळं.

शीटमध्ये आज एक नवा रकाना घातला: कुणाचं पहिलं, कुणाचं शेवटचं.

२ फेब्रुवारी

'ल माँ', फ्रान्समधल्या त्याच नावाच्या चोवीस तासांच्या मोटार शर्यतीवरचा. यावर तर वेगळा प्रकल्प होईल. मक्वीनला शर्यतींचा खरा सिनेमा करायचा होता, पटकथा नीट तयार नसताना १९७०च्या उन्हाळ्यात शूटिंग सुरू झालं. जून महिन्यातल्या खऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीत यांनी पॉर्शे ९०८ गाडीवर कॅमेरे लावून चक्क स्पर्धक म्हणून उतरवली, हर्बर्ट लिंगे आणि जोनाथन विल्यम्स चालवत होते, फिल्मची रिळं बदलायला गाडी पिटमध्ये थांबायची. मक्वीनला स्वतः शर्यतीत उतरायचं होतं पण विमा द्यायला कुणी तयार नव्हतं. नंतर पैसा वाहायला लागला, पटकथेवरून भांडणं झाली, स्टुडिओने काम थांबवून ताबा घेतला, आणि ज्याने मक्वीनला 'द ग्रेट एस्केप'मध्ये स्टार केलं तो जॉन स्टर्जेस अर्ध्यावर सोडून गेला. ली कॅटझिनने पूर्ण केला. शूटिंगमधल्या अपघातात डेव्हिड पायपर या ड्रायव्हरला पायाचा गुडघ्याखालचा भाग गमवावा लागला. हे वाचल्यावर सिनेमातले अपघात पूर्वीसारखे बघता येत नाहीत.

पण सिनेमा! पहिला अर्धा तास तर पात्रं एकमेकांशी बोलतच नाहीत. शर्यत सुरू व्हायच्या आधी सगळा आवाज गळून पडतो, राहतात ते फक्त हृदयाचे ठोके, घड्याळाचा काटा चारकडे सरकतो, हेल्मेटमधले डोळे, आणि मग एकदम सगळी इंजिनं. मी हेडफोन लावून बघत होते, हात घट्ट मुठीत. घराघरातल्या छोट्या टीव्हीच्या स्पीकरवर यातलं काय उरलं असेल? सीबीएसने केवढा मोठा खर्च करून असा सिनेमा काढला जो टीव्हीवर पोचूच शकत नव्हता.

७ फेब्रुवारी

'द बॉइज इन द बँड', १९७०, विल्यम फ्रिडकिन, म्हणजे 'द फ्रेंच कनेक्शन'च्या एक वर्ष आधी. मार्ट क्रॉलीचं १९६८चं नाटक, नाटकातले नऊच्या नऊ नट सिनेमात तेच. न्यूयॉर्कमधलं एक घर, वाढदिवसाची पार्टी, सगळे समलिंगी मित्र, बाहेर पाऊस आणि आत एकमेकांना टोचत टोचत रात्र काढतात. त्या काळी अमेरिकेतल्या कुठल्याही नेटवर्कने हे प्राइम टाइमला लावणं शक्य नव्हतं, आणि पैसा मात्र नेटवर्कचाच. ताईला म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे कुठेतरी आहे. तिजोरी टीव्हीची होती, पण पैसे एकदा सोलर, बॅटजॅक, पेन, क्रॉली यांच्या हातात गेले की सिनेमा त्या माणसाचा व्हायचा. स्टुडिओचा असा स्वतःचा चेहराच नाही. मी इतके दिवस तो शोधत होते.

१० फेब्रुवारी

'अ बॉय नेम्ड चार्ली ब्राउन' आणि 'स्क्रूज' एका बैठकीत. चार्ली ब्राउन हा कार्टूनमधला पोरगा, स्नूपी त्याचाच कुत्रा, सीबीएसवर १९६५च्या नाताळच्या कार्यक्रमापासूनच लाडका होता, तिथून थेट मोठ्या पडद्यावर, हा एक सरळ जमलेला हिशोब. शब्दस्पर्धेत हरून तो घरी येतो, दिवसभर झोपून राहतो, मग बाहेर पडतो तर पोरं नेहमीसारखी खेळतायत, जग संपलेलं नाही. लहान मुलांच्या सिनेमात एवढी शांत गोष्ट क्वचित दिसते. 'स्क्रूज' मध्ये तिशीतला अल्बर्ट फिनी डिकन्सच्या नाताळच्या गोष्टीतला कंजूष म्हातारा झालाय, आणि चांगला झालाय.

१९७०च्या ऑस्करला गीत-संगीताच्या विभागात हे दोन्ही सिनेमे नामांकित होते. दोन्ही हरले, बीटल्सच्या 'लेट इट बी'कडून.

१४ फेब्रुवारी

'ब्लू वॉटर, व्हाइट डेथ', १९७१चा माहितीपट. पीटर गिंबल आणि मंडळी मोठा पांढरा शार्क शोधत डर्बनपासून दक्षिण ऑस्ट्रेलियापर्यंत जातात. मरून तरंगणारा देवमासा, त्याला लचके तोडणारे शेकडो शार्क, रात्रीचं काळं पाणी, आणि हे लोक पिंजऱ्याचं दार उघडून बाहेर येतात. हातातल्या कॅमेऱ्याने शार्कला ढकलतात. यातलेच रॉन आणि व्हॅलरी टेलर, पुढे 'जॉज' मधले खऱ्या शार्कचे शॉट त्यांनी घेतले. म्हणजे 'जॉज'चं संगीत एका सिनेमातून आणि शार्क दुसऱ्यातून, दोन्ही याच यादीतले!

१९ फेब्रुवारी

बंद का पडला त्याच्या नोंदी. बहुतेक सिनेमांनी पैसा परत दिला नाही हे एक. दुसरं कोर्टाचं. १९४८च्या पॅरामाउंट निकालाने मोठ्या स्टुडिओंना थिएटरं सोडावी लागली होती, जो बनवतो त्यानेच दाखवायचं नाही असा त्याचा रोख. आता नेटवर्क स्वतः सिनेमे बनवून स्वतःच्या चॅनेलवर दाखवणार म्हटल्यावर त्याच स्टुडिओंनी १९७०ला सीबीएस आणि एबीसीवर खटला भरला. त्याच वर्षी एफसीसी या सरकारी आयोगाने नेटवर्कच्या कार्यक्रम-मालकीवर बंधनं आणली, १९७२ला न्याय खात्याचे खटले आले. १९७२ला सीबीएसने गाशा गुंडाळला, १९७३ला यांकीजही विकून टाकला.

सिनेमाची ओढ मात्र सुटली नाही. १९८२ला कोलंबिया आणि एचबीओबरोबर ट्रायस्टार, १९८५ला त्यातून बाहेर. २००७ला सीबीएस फिल्म्स. हे आपल्या कक्षेबाहेर, एवढीच नोंद.

२३ फेब्रुवारी

'प्राइम कट', १९७२. कॅन्ससचा कत्तलखाना, ली मार्विन, जीन हॅकमन, आणि सिसी स्पेसेक पहिल्यांदा मोठ्या भूमिकेत. गव्हाच्या शेतात दोघं जीव घेऊन पळतायत आणि मागून कापणीचं अवाढव्य यंत्र येतंय. तिचा चेहरा असा कोवळा की बघताना धसका बसतो.

नव्या रकान्याप्रमाणे शीट लावून बघितली. शेवटच्यांमध्ये डोरिस डे, हॉवर्ड हॉक्स, जॉर्ज शर्मन. पहिल्यांमध्ये अल पचिनो, मायकल डग्लस, सिसी स्पेसेक, दिग्दर्शक म्हणून फ्रेकर. जुनं हॉलिवूड उठून जातंय आणि नवं येऊन बसतंय, पाच वर्षं एकाच ओसरीवर. ताईचा पिवळा प्रश्न खोडला नाही, त्याच्या खाली ही नावं लिहिली.

२४ फेब्रुवारी

ताईने काल रात्री 'मॉन्टी वॉल्श' बघितला. सकाळी मेसेज: "घोड्याचा प्रसंग परत लावला. तो म्हातारा 'नाही' का म्हणाला ते लिही नीट, तुझ्या ओळींत ते आलंच नाहीये." बरोबर आहे तिचं. ती ओळ पुन्हा उघडलीय. 'द लिटल आर्क', 'द रिव्हेंजर्स' आणि 'डार्कर दॅन अंबर' अजून बघायचे राहिलेत.